रुबार्बच्या वाफ्यातली विहीर

एनॉक प्रॉबर्टला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणा पडला होता आणि त्याची बायको मर्टल त्याला ओलांडून चुलीकडे जा-ये करत होती. १९६८चा जून. इंग्लंडातल्या हेरफर्डशरच्या या कोपऱ्यात घरोघर जाऊन इंजेक्शनं टोचायच्या आणि पट्ट्या बदलायच्या कामावर मी लागले त्याला दोन वर्षं झाली होती. प्रभुणे हे माझं आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळा गाव मला नुसतं ‘सिस्टर’ म्हणे.

“कधीपासून पडलेत हे?” मी विचारलं.

“मंगळवारपासून. आज गुरुवार ना?” मर्टल म्हणाली. “आता सवय झाली बघा. काल उकडलेले बटाटे सांडले त्याच्या अंगावर, तेवढंच.”

“एवढं काय उचललं?”

“विहीर,” खालून आवाज आला.

मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

“त्याचं डोकं ठिकाणावर आहे, सिस्टर,” मर्टल म्हणाली. “वरच्या घरातल्यांचं नाही.” आणि तिनं हातातली पळी खिडकीबाहेर रोखली.

पळीच्या टोकाला ऑल्डरकोटची हवेली होती. तिच्याभोवती तीनशे एकरांची बाग आहे आणि ती अगदी निसर्गानं सहज केल्यासारखी दिसते. तशी दिसावी म्हणून दोनशे वर्षांपूर्वी मालकांनी एक टेकडी खणून दुसरीकडे नेली, ओढा अडवून तळं केलं, आणि दिवाणखान्याच्या खिडकीतून धुराडी दिसतात म्हणून एक अख्खं गाव उचलून पलीकडच्या उतारावर बसवलं. मी राहते ते हेच गाव. आमच्याकडून हवेली दिसत नाही, आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

पुढे कुणा पणजोबा-मालकांनी व्हेनिसला जाऊन तिथल्या एका चौकातल्या विहिरीचा दगडी कठडा विकत आणला. कमरेएवढा उंच, गुलाबी दगडाचा, वाटोळा, चार बाजूंना चार सिंहांची तोंडं आणि वर पोहरा टांगायची लोखंडी कमान. वजन दीड टन. विहीर अर्थात तिकडेच राहिली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडही नव्हता आणि पोहराही नव्हता. नुसता कठडा होता, आणि तो उचलायला एनॉक होता.

तो पंधराव्या वर्षी हवेलीच्या बागेत कामाला लागला, १९३४ साली. दोन वर्षांनी थोरल्या लेडी ऑगस्टाबाईंनी त्याला आणि आणखी तिघांना गुलाबांच्या ताटव्यापाशी बोलावलं. कठडा तिथे होता. बाईंनी लांबच्या झाडांच्या रांगेकडे काठी केली.

“तिथे नजर घसरते,” त्या म्हणाल्या. “तिला अडकायला काहीतरी हवं. हे तिथे न्या.”

खाली लाकडी ओंडके घालून, पहारी लावून, घोडा जोडून चौघांनी तो तीन दिवसांत नेला. वाटेत एका सिंहाचं नाक गेलं. एनॉकच्याच पहारीनं गेलं. त्यानं ते खिशात घातलं आणि कुणाला सांगितलं नाही. बाईंना पुढची वीस वर्षं ते नाक व्हेनिसमध्येच झिजलंय असं वाटत होतं आणि पाहुण्यांना त्या ते कौतुकानं दाखवत.

१९३९ला लढाई सुरू झाली. जर्मन हेरफर्डशरमध्ये उतरले तर सगळ्यात आधी हा कठडा पळवतील अशी बाईंची खात्री होती. म्हणून तो गोठ्यामागे नेऊन गवताच्या गंजीखाली लपवला. ही दुसरी हलवाहलव. मग एनॉक सैन्यात गेला, आणि नशीब असं की इटलीतच गेला. तिथे एका गावात तहानेनं जीव जात असताना त्यानं हुबेहूब असाच कठडा पाहिला, आणि एक म्हातारी त्यातून बादली वर काढत होती. एनॉक सांगायचा, “सिस्टर, मी वाकून आत बघितलं. खाली पाणी! मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

परत आल्यावर गंजीखालून कठडा काढून पुन्हा झाडांच्या रांगेशी नेताना त्यानं बाईंना सांगून पाहिलं. “मॅडम, तिकडे याच्याखाली विहीर असते. लोक पाणी भरतात.”

“भरत असतील,” बाई म्हणाल्या. “बिचारे गरीब आहेत.”

चौथ्यांदा तो राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी तळ्याकाठी गेला. थोरल्या बाई वारल्या. त्यांच्या सूनबाई लेडी हर्मायोनी आल्या आणि त्यांना तळ्याकाठी तो ‘एकटा’ वाटायला लागला, म्हणून १९६८त तो देवदाराच्या झाडाखाली गेला. एनॉकची कंबर गेली ती त्या वेळी. मी सहा आठवडे रोज जाऊन त्याला चोळत होते. सहाव्या आठवड्यात तो उठून बसला आणि पहिलं काय केलं असेल, तर खिडकीतून देवदाराकडे बघून एक शिवी घातली. ती मी इथे लिहीत नाही. मर्टल रविवार न चुकवता चर्चला जाणारी, पण तीसुद्धा “आमेन” म्हणाली.

सहाव्या वेळी, १९७४त, कठडा गुलाबांच्या ताटव्यात परत आला. चाळीस वर्षांपूर्वी होता त्याच जागी. लेडी हर्मायोनींना ही कल्पना स्वतःची वाटत होती.

एनॉक चिडका माणूस नव्हता. उंच, वाकलेला, कानात केसांचे झुपके, आणि बोलायचा इतकं सावकाश की वाक्य पूर्ण होईपर्यंत चहा निवायचा. त्याला ऑल्डरकोटमधली एकच जागा आपली वाटायची, ती म्हणजे त्याच्या दोन खोल्यांच्या घरामागचा भाजीचा तुकडा. घर हवेलीच्या मालकीचं, नोकरी असेपर्यंत राहायला दिलेलं. पण त्या तुकड्यात कुणाची नजर अडकायची गरज नव्हती. तिथे कांदे, बटाटे, वेलाच्या शेंगा आणि कोपऱ्यात रुबार्ब होता. रुबार्ब म्हणजे दिसायला अळूचे तांबडे देठ आणि चवीला अंबाडी. इथले लोक साखर घालून त्याचा ‘पाय’, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी, करतात. मी गूळ-मेथी घालून मेथांबा करते, आणि मर्टलनं तो एकदा चाखल्यापासून दर वसंतात एक बरणी तिच्याकडे जायची ठरलेली.

१९८३ सालापर्यंत हवेलीचा कारभार लेडी हर्मायोनींच्या मुलाकडे आला होता. जॉसलिन त्याचं नाव. पस्तिशीचा, गुलाबी गालांचा, सतत घाईत. त्यानं बाग लोकांना तिकीट लावून खुली केली, तबेल्यात चहाचं दुकान काढलं. आणि एक दिवस एनॉकच्या दारात येऊन म्हणाला, “प्रॉबर्ट, पुढच्या वर्षी तू पासष्टचा होणार. आम्ही तुमची सोय केलीय. लेमस्टरच्या रस्त्यावर म्हाताऱ्यांसाठी नवे फ्लॅट झालेत. गरम पाणी, लिफ्ट, सगळं आहे.”

“आणि हे घर?” मर्टलनं विचारलं.

“सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्यानं द्यायचंय. मागे त्यांच्या गाड्या लावायला जागा आहेच.”

“तिथे माझा रुबार्ब आहे,” एनॉक म्हणाला.

“हो हो,” जॉसलिन म्हणाला, आणि घड्याळ बघून निघाला. दारातून वळून म्हणाला, “आणि जायच्या आधी एक शेवटचं काम, प्रॉबर्ट. तो कठडा चहाच्या दुकानासमोर हलवायचाय.”

त्या ऑक्टोबरात सातव्यांदा कठडा निघाला. आता घोडा नव्हता, ट्रॅक्टर होता. गुलाबांच्या ताटव्यातून तबेल्याकडे जायचा रस्ता एनॉकच्या घरामागून जातो. बरोबर तिथे ट्रॉलीचा आस मोडला, ट्रॉली कलली आणि कठडा कुंपण मोडून भाजीच्या तुकड्यात उतरला. उभाच्या उभा. सिंह शाबूत, कमान शाबूत. थेट रुबार्बवर.

मर्टल मागच्या दारात आली, तिनं पाहिलं आणि हसत सुटली. हसून हसून पायरीवर बसली.

“म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “शेवटी तुला भेटायला घरी आला बघ तो!”

जॉसलिननं सांगितलं, दोन दिवसांत क्रेन मागवतो. दुसऱ्याच दिवशी लंडनहून क्विल्टर आले.

क्विल्टर जुन्या वास्तूंची यादी करायच्या सरकारी कामावर होते. कॉर्डुरॉयची विजार, गळ्यात कॅमेरा, वय तिशीच्या आत. जिल्ह्यातला एकेक दगड बघत ते फिरत होते. जॉसलिन त्या दिवशी बर्मिंगहॅमला गेला होता. हवेली, तळं, तबेला पाहून क्विल्टर मागच्या वाटेनं निघाले आणि मोडक्या कुंपणाशी थबकले. समोर कांद्याच्या रांगा, वाळत घातलेल्या मर्टलच्या चादरी, आणि मधोमध व्हेनिस.

एनॉक शेणखत पसरत होता.

“हे केवढं सुंदर आहे!” क्विल्टर म्हणाले. “आणि किती साधेपणानं ठेवलंय! बहुतेक ठिकाणी अशा वस्तू उचलून नुसत्या शोभेला मांडतात हो. जीव जातो त्यांचा.”

“जातो,” एनॉक म्हणाला.

“तुम्ही किती वर्षं पाहताय याला?”

“मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून.”

“इथेच?”

हे सगळं मर्टल सांगायची. ती चादरींमागे उभी होती. एनॉकनं कठड्याकडे पाहिलं, फावडं जमिनीत रोवलं, हळूच कंबर सरळ केली.

“मी जिथे असायचो, तिथे हा असायचा, साहेब,” तो म्हणाला.

क्विल्टरांनी वहीत लिहिलं, ‘मूळ जागी’. टेप लावून मापं घेतली, नाक नसलेल्या सिंहाचे दोन फोटो काढले, मर्टलनं दिलेला चहा प्यायले आणि गेले.

क्रेन काही दोन दिवसांत आली नाही. हिवाळ्याआधीची झड लागली, रस्त्यात चिखल झाला, आणि डिसेंबरात जॉसलिनला लंडनहून पत्र आलं. ते हातात फडकवतच तो एनॉकच्या स्वयंपाकघरात शिरला. मी तेव्हा मर्टलचा रक्तदाब मोजत होते, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

“हे काय आहे, प्रॉबर्ट? म्हणे सतराव्या शतकातला कठडा, संरक्षित वास्तू! ‘माळ्याच्या घरामागील भाजीच्या बागेत, मूळ जागी’! मूळ जागी?”

“म्हणजे काय, धाकटे साहेब?”

“म्हणजे तो आता परवानगीशिवाय हलवता येणार नाही!”

एनॉकनं टोपी काढली. “कुणालाच?”

“कुणालाच!”

“वाटेच्या या बाजूचा त्या बाजूलासुद्धा नाही?”

“एक इंचसुद्धा नाही!”

एनॉक खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जॉसलिनला वाटलं, याला पश्चात्ताप झाला. तो जरा नरमला आणि म्हणाला, “असू दे, असू दे, तुझी चूक नाही.” मर्टलनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या रक्तदाबाचा आकडा त्या दिवशी मी लिहिला नाही, कारण आम्ही दोघी हसू दाबत होतो आणि यंत्राचा काटा थरथरत होता.

पत्रात पुढेही बरंच होतं. कठड्याच्या आसपास बांधकाम नको, खणकाम नको, भोवतालचं रूप बदलायला नको. म्हणजे गाड्या लावायची जागा गेली. तिकीट काढून आलेली माणसं आता नकाशा घेऊन थेट मर्टलच्या चादरींपर्यंत येणार होती. असल्या घरात सुट्टी घालवायला कोण येतं? न्हाणीघराची खिडकी नेमकी त्याच अंगाला उघडते. जॉसलिननं दोनतीन कुटुंबांना घर दाखवलं, त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि खिडकीतून कुणीतरी आत पाहिलं. फ्लॅटचा विषय पुन्हा निघाला नाही. प्रॉबर्ट जोडपं होतं तिथेच राहिलं.

लोक यायचे. मुलं कठड्यावर चढायची, आत डोकावायची. एक पोरगं आत पडलं आणि रुबार्बच्या मुळांवर बसून भोकाड पसरून रडलं. विम्याच्या लोकांनी सांगितलं, झाकण घाला. एनॉकनं जाड लाकडी झाकण केलं आणि नीट गच्च बसवलं. आता इथे जरा थांबून सांगते, कारण पुढचं सगळं या झाकणामुळे झालं. रुबार्ब लवकर आणि कोवळा हवा असेल तर इथले माळी थंडीत त्याच्यावर उंच मातीचं भांडं पालथं घालतात. अंधारात तो उजेड शोधत भराभर वाढतो, आंबटपणा कमी होतो, देठ गुलाबी होतात. कमरेएवढा उंच, खाली उघडा, वर झाकण, दीड टन दगडाच्या भिंती, आत ऑक्टोबरातलं शेणखत. एनॉकच्या ध्यानीमनी नसताना त्याच्याकडे सगळ्या इंग्लंडातलं सगळ्यात महागडं पालथं भांडं आलं होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी तो मला म्हणाला, “सिस्टर, कान लावा.” मी झाकणाला कान लावला. आत चट्, चट् असा बारीक आवाज येत होता, कुणी बोटं मोडावीत तसा.

“वाढतोय,” एनॉक कुजबुजला.

मार्चमध्ये गावच्या सभागृहात भाजी-फुलांचं प्रदर्शन असतं. रुबार्बचं पहिलं बक्षीस नऊ वर्षं ओळीनं निवृत्त पोस्टमास्तर गेथिन प्यू यांना मिळत होतं. प्यू हे आपले देठ पाळण्यातल्या बाळासारखे फडक्यात गुंडाळून आणत आणि टेबलाशी पहारा देत उभे राहत. त्या वर्षी एनॉकनं वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन देठ टेबलावर ठेवले. हाताएवढे लांब, टोकापर्यंत गुलाबी, सरळ. परीक्षकांनी एक मोडून पाहिला. काच मोडावी तसा आवाज झाला. प्यूंचा चेहरा त्यांच्या देठांपेक्षा लाल झाला.

बक्षीस द्यायला लेडी हर्मायोनी आल्या होत्या. “काय हा रंग!” त्या म्हणाल्या. “कशाखाली वाढवलात, प्रॉबर्ट?”

“सतराव्या शतकातल्या व्हेनिसखाली, मॅडम.”

सगळं सभागृह हसलं. लेडी हर्मायोनी सगळ्यात जोरात हसल्या. प्यू मात्र हसले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी हवेलीच्या बागेचं तिकीट काढून गेले, झाकण उचलून पाहिलं, आणि घरी येऊन लंडनला पत्र लिहिलं. पत्रं लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सरकारनं संरक्षण दिलेल्या वास्तूत भाजी लावली जात आहे, आणि सदर वास्तू ऑक्टोबरपर्यंत गुलाबांत होती हे सारा गाव जाणतो, असं त्यात होतं.

एप्रिलमध्ये क्विल्टर पुन्हा आले. या वेळी कॅमेरा नव्हता. एनॉकनं त्यांना येताना पाहिलं आणि आत येऊन मर्टलला म्हणाला, “मी सांगून टाकणार.”

“सांग,” मर्टल म्हणाली. “पण बूट पुसून घे आधी.”

हे मला एनॉकनंच नंतर सांगितलं, नेहमीसारखं सावकाश, चहा निववत. त्यानं झाकण उचललं. दोघांनी आत पाहिलं. आत दुसऱ्या बहराचे देठ उभे होते, वर पिवळीधमक छोटी पानं. एनॉक म्हणाला, “साहेब, हा इथला नाही. ट्रॉलीचा आस मोडला म्हणून इथे उतरला. तुम्ही आलात त्याच्या आदल्याच दिवशी. मी सात वेळा हलवलाय हा. तुम्ही ‘इथेच?’ असं विचारलंत, तेव्हा मी सरळ उत्तर दिलं नाही. मला आठव्यांदा हलवायचा नव्हता.” आणि खिशातून सिंहाचं नाक काढून त्यांच्या हातावर ठेवलं. “हेही माझंच काम.”

क्विल्टर नाक हातात घेऊन कठड्याच्या काठावर बसले. आतल्या कडेला दोरांनी पडलेल्या खोल खाचा होत्या, त्यांवरून बोट फिरवत राहिले.

“मिस्टर प्रॉबर्ट,” शेवटी ते म्हणाले, “ही नोंद दुरुस्त करायची तर मला लिहून द्यावं लागेल की चोवीस तासांपूर्वी ट्रॉलीवरून पडलेली वस्तू मी तीनशे वर्षं इथेच असल्याचं ठरवलं. शेजारी ट्रॉली उभी होती का?”

“होती, साहेब. तुम्ही कोट तिच्यावर टाकला होता.”

क्विल्टरांनी हातातलं नाक उलटंसुलटं करून पाहिलं.

“हा व्हेनिसमध्ये होता तेव्हा मूळ जागी होता,” ते म्हणाले. “त्यानंतर कुठेच नव्हता. त्यापेक्षा इथे त्याचा काही उपयोग तरी होतोय. दगडाला अपाय होईल असं काही आत घालू नका. शेणखत चालेल, खतांच्या पोत्यातली पावडर नको.” नाक त्यांनी परत दिलं नाही. पुढच्या महिन्यात एक कारागीर आला आणि त्यानं ते चुन्यात बसवून टाकलं. जाताना नाकाबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट नेली, मर्टलनं बांधून दिलेला रुबार्बचा एक भारा.

प्यूंना लंडनहून उत्तर आलं. भोवतालचा पारंपरिक भाजीपाला हा वास्तूच्या रूपाचा भाग असल्यानं तो राखला जावा, असं त्यात म्हटलं होतं. प्यूंनी ते पत्र जिन्याखाली टांगून ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत, देश कुठे चाललाय ते बघा म्हणून.

एनॉक त्यानंतर अकरा वर्षं जगला. त्याची कंबर काही बरी झाली नाही, पण बिघडलीही नाही. दुपारी तो मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचा, आणि कुणी पाहुणा “किती शांत जागा आहे, नाही?” म्हणाला की मान डोलवायचा. पंच्याण्णव साली जानेवारीत तो झोपेतच गेला. मी गेले तेव्हा मर्टल त्याचे बूट पुसत बसली होती.

मर्टल अजून आहे. एक्क्याण्णव वर्षांची. परवा मी गेले होते तेव्हा उन्हाळी टोपी घातलेल्या एक बाई कठड्याशी हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या.

“इथे मागितलेलं मिळतं ना हो?” त्यांनी मर्टलला विचारलं.

“मिळतं की,” मर्टल म्हणाली. “मार्चमध्ये या. आणि स्वतःची पिशवी आणा.”